नारळवाले आप्पा

नवऱ्याला भेटायला आलेला माणूस तडक स्वयंपाकघरात शिरतो, हे मी लग्न होऊन मुलुंडला आल्यावर पहिल्यांदा पाहिलं. हातात नारळ, डोक्यावर टोपी, आणि वर मलाच विचारणं, "काय गो, चाय टाकतंस?" मी पोळपाट-लाटणं हातात धरून बघतच राहिले. हे आप्पा. मूळचे मालवणकडचे, आमच्या मागच्या गल्लीत राहणारे, आणि गाड्यांच्या वेडाने पार कामातून गेलेले.

माझा नवरा सुधीर त्याच पंथातला. अशी सात-आठ वेडी डोकी आप्पांनी जमवली होती. नाहूरला आप्पांच्या एका शाळासोबत्याच्या जागेवर वसाहत व्हायची होती. रस्ते बांधून झाले होते, इमारती मात्र अडल्या होत्या. त्या गोल रस्त्यावर दोन-तीन महिन्यांतून एकदा, रविवारी सकाळी, ही मंडळी आपापल्या गाड्या मनसोक्त पळवायची. गाड्या कसल्या? त्याच घरच्या फियाटी, ज्यांतून आम्ही लग्नकार्याला जायचो. म्हणून आप्पांचा पहिला नियम, "सोमवारी गाडी आपल्या पायांनी ऑफिसात गेली पाहिजे." दुसरा नियम नारळाचा.

आप्पा आठवडाभर आधी प्रत्येकाच्या घरी जात आणि घरातल्या बाईच्या हातात नारळ देत. तिने ठेवून घेतला तर तिची परवानगी. तोच नारळ रविवारी नवऱ्याने नाहूरला न्यायचा. जगात हातात नारळ दिला की माणूस बाहेर. आप्पांकडे नारळ नसला की फाटकाबाहेर. "गाडी ह्यांची नाय, घराची," ते म्हणत. एकदा मला नेमकं शर्यतीच्या रविवारी गाडीने घाटकोपरला माहेरी जायचं होतं. मी नारळ परत केला. आप्पा "बरां" म्हणाले आणि चहा पिऊन गेले. सुधीरने चार दिवस तोंड फुगवलं, पण आप्पांकडे वशिला चालला नाही.

शर्यतीआधी गाऱ्हाणं व्हायचं. आप्पा सुरुवातीची खूण म्हणून चुन्याने रंगवलेल्या पिंपाजवळ उभे राहून हात जोडत. "बा देवा म्हाराजा, कोणाच्या गाडयेचो बिरेक जावंदे नको, कोणाच्या घरात काळजी शिरांदे नको रे म्हाराजा!" आणि बँकेतले, कंपनीतले शहाणेसुरते बाप्ये एका सुरात ओरडत, "होय म्हाराजा!" कडेला उभी राहून बघताना हसून हसून माझी पुरेवाट व्हायची.

पण एक गोष्ट मला खुपायची. आप्पांची स्वतःची निळी फियाट कधीच नाहूरला आली नाही. इंजिन स्वतः खोलून-जोडून असं ठेवलेलं, की चालू असताना बोनेटवर पाण्याचा पेला ठेवावा आणि थेंब सांडू नये. आणि हा माणूस चुन्याची बादली घेऊन रिक्षाने यायचा! दुसऱ्यांच्या गाड्या वळणावर गेल्या की यांचा उजवा पाय जमिनीवर आपोआप दाबला जायचा. कुणी विचारलं तर म्हणत, "आमच्याकडे नारळ मिळूचो नाय. आमच्या घरातलां देऊळ कडक."

एकदा आप्पांच्या बायकोचा, काकींचा, डबा परत द्यायला गेले, तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, "काकी, एवढ्या वर्षांत एकदा तरी हो म्हणायचंत ना."

काकी खोबरं किसत होत्या. त्यांनी हात थांबवला. "मी? माका कोणी इचारल्यान कधी? अख्ख्या मुलुंडाक नारळ वाटल्यान. माझ्या हातात येक दिल्यान नाय."

मला हसावं की रडावं कळेना. संध्याकाळी मी आप्पांना गाठलं आणि चांगलं फैलावर घेतलं.

"ती नायच म्हणतली. माका म्हायत हा."

"विचारलंत?"

आप्पा टोपी काढून डोकं खाजवायला लागले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्याच स्वयंपाकघरात नारळ नेला. काकींनी म्हणे आधी हलवून पाहिला, मग ठेवून घेतला. अट एकच, "मी बाजूक बसतलंय."

त्या रविवारी काकी गजरा माळून, मांडीवर पर्स घेऊन पुढच्या सीटवर बसल्या. आप्पांनी पहिला फेरा वरातीसारखा काढला. काकी खिडकीतून आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशा ओरडल्या, "ह्येच्यासाठी इतकी वर्सां? जरा जोरात मारा!" मग मात्र निळी फियाट अशी सुटली! टायर किंचाळत होते आणि त्यावर काकींचं हसू ऐकू येत होतं. खाली उतरल्यावर आप्पा डोळे पुसत गाडीभोवती उगाच दोनदा फिरले. इतका सुखी माणूस मी फार कमी वेळा पाहिलाय.

पुढे नाहूरच्या इमारती उठल्या, शर्यती संपल्या. आप्पाही एका पहाटे झोपेतच गेले. आमच्या घराला त्यांची फार सवय झाली होती, फार चुकल्यासारखं वाटायचं. निळ्या फियाटला गिऱ्हाइकं यायला लागली. सुधीरचाही जीव तिच्यावर होता.

दोन-एक महिन्यांनी काकी आल्या. हॉलमध्ये सुधीर पेपर वाचत होता, त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तडक स्वयंपाकघरात आल्या, आप्पा चहाला बसायचे त्या स्टुलावर बसल्या आणि पिशवीतून नारळ काढला.

"गाडी इकूची नाय. माका शिकूची हा. तुझो घोव रविवारी शिकवूक देशीत?"

मी नारळ दोन्ही हातांनी घेतला. म्हटलं, "नवरा देते. पण मागे मी बसणार."

"बस गो," काकी म्हणाल्या, "पण जोरात मारलंय तर बोंबलू नको."