पानीबाईंचा डावा पाय

अक्कलकुव्याजवळच्या खापर गावच्या बाजारात कापडाचं दुकान नवरा उमेदमल यांच्या नावावर आहे, पण गिऱ्हाइकं विचारतात पानीबाईंना. साठीला टेकलेल्या पानीबाई दिवसभर उभ्याने कापड फाडतात आणि डोंगरातून आलेल्या बायांशी त्यांच्याच बोलीत घासाघीस करतात. गुजरातकडून जैन साध्वी पायी आल्या की त्यांना अक्कलकुव्यापर्यंत पोहोचवायला पानीबाई सोबत चालत. साध्वी अनवाणी, म्हणून यासुद्धा अनवाणी. लग्न होऊन आल्यापासून हेच चाललेलं.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या डाव्या घोट्याला आतून सूज आली. मुरगळला असेल म्हणून त्यांनी मलम चोळलं आणि साध्वींच्या पुढच्या विहाराला, म्हणजे पायी प्रवासालाही निघाल्या. त्या दिवशी सून जिया मागे चालत होती.

"मम्मी, मागून तुमच्या डाव्या पायाची बोटं जास्त दिसतात," ती म्हणाली. "टाच बाहेर वळलीय."

घरी येऊन पानीबाईंनी ओले पाय फरशीवर टेकवले. उजव्याचा ठसा मधे कोरलेला उमटला, डाव्याचा सपाट. दुसऱ्याच दिवशी दोघी तळोद्याला गेल्या.

तिथली फिजिओथेरपिस्ट चारुलता तापीकाठच्या शेतकरी घरातली. तिने एकेका पायावर उभं राहून टाच उचलायला सांगितलं. उजवी सहज उचलली गेली, डावी हललीच नाही. मग तिथेच सोनोग्राफी करून घेतली आणि तिचा रिपोर्ट पाहिला.

"काय शे ते सरळ सांग," पानीबाई तिच्या अहिराणी ढंगात म्हणाल्या.

चारुलताने पायाच्या हाडांचा सांगाडा पुढे ठेवला. "काकी, ही कमान. ही हाडं लिगामेंटनी एकमेकांना बांधलेली असतात. चिवट पट्टेच म्हणा. तळव्याखाली टाचेपासून बोटांपर्यंत एक रुंद पट्टा असतो, तो कमानीची दोन टोकं फाकू देत नाही. त्याच्याहून खोल, पायाच्या बाहेरच्या कडेला एक लांब लिगामेंट. आणि आतल्या अंगाला हे आखूड. घोट्याच्या हाडाचं डोकं याच्यावर टेकलेलं असतं. याला स्प्रिंग लिगामेंट म्हणतात."

"म्हणजे ताणलं तरी परत आखडत असेल."

"नावच तेवढं स्प्रिंगचं. पोटरीतून एक दोर खाली येतो, तो कमान वर उचलून धरतो. तो थकला की भार याच्यावर येतो. तुमचं हे ताणलं गेलंय, आणि ते पहिल्यासारखं व्हायचं नाही. पण पोटरी कमावता येते. आणि बुटात कमानीला आधार द्यावा लागेल."

"आणि अनवाणी?"

"अनवाणी चालणं बंद."

पानीबाईंनी डावा पाय पुढे केला. "बुटाचं माप घे."

घरी उमेदमल अस्वस्थ झाले. समाजात लोक काय म्हणतील, त्यांनी विचारलं. "मीच विचारून येते," म्हणत पानीबाई गावात उतरलेल्या मोठ्या साध्वींकडे गेल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं.

"अनवाणी चालण्याचं व्रत आमचं," साध्वी म्हणाल्या. "तुम्ही ते कधी घेतलं होतं?"

"घेतलं नव्हतं, महाराजसाहेब. सवय होती."

"मग सवय सोडायला आमची आज्ञा कशाला?"

तेव्हापासून गिऱ्हाईक नसलं की पानीबाई काउंटरला धरून टाचा उचलतात. सुरुवातीला पोटरी थरथरायची. बसायला उंच स्टूल आलं. त्यावर बसून कापड नीट फाडता येत नाही, अशी त्यांची तक्रार अजून आहे. पावसाळा सरता सरता डावी टाच एकटीने जमिनीवरून सुटली. सूज गेली, दुखणंही बहुतेक गेलं. कमान मात्र सपाटच राहिली, ती राहणारच होती.

दिवाळीनंतर साध्वी पुन्हा निघाल्या, तेव्हा पानीबाई पांढरे कापडी बूट घालून सगळ्यांच्या पुढे होत्या. कोणीतरी पायांकडे पाहिलं. "लिगामेंट," त्यांनी एवढंच सांगितलं आणि चालत राहिल्या. अर्ध्या वाटेवर, पाय दुखायच्या आतच, त्या थांबल्या. साध्वींना वंदन करून जियाला म्हणाल्या, "इथून पुढे तू ने." मग खापरकडे जाणाऱ्या जीपला त्यांनी हात केला. दुकान उघडायची वेळ झाली होती.