बॉनेटवरची रजई

उस्मानभाईंनी आमची गाडी विकली नव्हती की दुरुस्त केली नव्हती. त्यांनी फक्त तिच्या सीटा शिवल्या होत्या. तरी ती थंडीत सुरू होत नाही म्हणून सगळ्यात जास्त अपराधी तेच झाले. माणूस असाही असतो, म्हणून आज पूजा आटोपल्यावर त्यांच्याबद्दल लिहायला बसले.

अकोल्याच्या जठारपेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांची टपरी आहे. एक शिलाई मशीन, रेक्झिनचे गुंडाळे, आणि मागच्या खुंटीला टांगलेलं वडिलांचं पिंजण. वडील पिंजारी होते. दिवाळी सरली की खांद्यावर ते मोठं धनुष्य घेऊन गल्लोगल्ली फिरायचे. अकोटला माझ्या माहेरीही एक पिंजारीबाबा यायचे. अंगणात जुनी गादी उसवायचे, धनुष्याच्या तातीचा टंव टंव आवाज सुरू व्हायचा आणि आम्ही पोरी कापसाच्या धुळीत पांढऱ्या होऊन आईचा मार खायचो. पुढे फोमच्या गाद्या आल्या, पिंजण खुंटीवर गेलं, आणि उस्मानभाई गाड्यांच्या सीटांकडे वळले.

त्यांना एक खोड होती. सीट शिवून झाली की गिऱ्हाइकाच्या आधी ते स्वतः तिच्यावर बसायचे, डोळे मिटून दोन्ही हात बाजूला दाबायचे आणि म्हणायचे, "वा! उस्मान, तुयासारखा तूच!" गल्ली हसायची. घरी खुर्शीदबी म्हणायच्या, "ह्या मानसाले दुसऱ्यानं तारीफ करायची काई जागाच ठेवली नाई."

आमचे हे, नत्थुजी, तेव्हा जिनिंग कारखान्यात फिटर होते. मात्र ती वर्षं कापसाची नव्हती. पेरा कमी, आलं ते बोंडअळीनं खाल्लं, आणि जिनिंग दिवाळीनंतर सुरू होऊन संक्रांतीच्या आतच बंद पडू लागली. शेवटी कुलूपच लागलं. यांनी ठरवलं, जुनी गाडी घ्यायची आणि अकोल्याहून पातूरकडच्या शाळेत रोज जाणाऱ्या मास्तर-मॅडमना ने-आण करायची. घरात दुसरी मिळकत नव्हती. गाडी चालली तर चूल चालणार होती.

मे महिन्यात हे उस्मानभाईंच्या टपरीवर सहज तसं बोलले. समोर एक पांढरी डिझेल गाडी उभी होती. भाईंनी नुकत्याच तिच्या सीटा शिवल्या होत्या, मरून रंगाच्या, कडेला पिवळा गोट.

"काहून हिंडता नत्थुजी? हेच घ्या ना. मालकाले विकाचीच हाये."

"चालते कशी?"

"अर्ध्या चावीत चालू होते. रोज पाहून राहिलो मी. आन बसून तर पाहा आदी!"

हे बसले. मग मलाही बोलावणं आलं. मी देवळातून येत होते, हातात प्रसादाचं ताट तसंच घेऊन बसले. खरं सांगते, इतक्या मऊ जागी मी आयुष्यात बसले नव्हते. भाई बाहेर उभे राहून माझा चेहरा पाहत होते. "भाभी, गाडी एक नंबर. माझी जबान हाये."

त्यांनी यात दलालीचा चहासुद्धा घेतला नाही. मालकाकडून यांनी गाडी घेतली, मी कुंकू लावलं, चाकापुढे नारळ फोडला. अकोल्याच्या मे महिन्यात बॉनेटला हात लावला तर फोड यायचा. अशा उन्हात इंजिन सुरू झालं याचं कौतुक करावं की नाही, हे आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आलं नाही.

पावसाळा बरा गेला. पाच जणं ठरली. प्रणाली मॅडम सगळ्यांत तरुण, बोलण्यात फटकळ, पण तिच्यामुळेच बाकीचे चार जण आले होते. दिवाळीनंतर हवा बदलली. मार्गशीर्ष लागला आणि गाडीनं जे मौन धरलं, ते सोडेना. चावी फिरवली की खर्र, खर्र, मग आवाज खोल गेलेल्या माणसासारखी एक घरघर, मग काहीच नाही. मेकॅनिकनं इंजिनाचे हीटर प्लग बदलले, बॅटरी तपासली. शेवटी म्हणाला, "दादा, इंजिन थकलं हाये. उन्हाळ्यात याचं काम करून घ्या. तोवर धक्का मारा."

गल्ली सपाट. धक्का मारायला माणसं लागतात, आणि थंडीत भल्या पहाटे कोण येणार? मास्तर लोकांना उशीर होऊ लागला. एक दिवस प्रणाली मॅडम गाडीत न बसता फाटकाशीच उभी राहिली.

"काका, हेडमास्तर आता मस्टरवर लाल शेरा मारतात. अजून एकदा उशीर झाला तर आम्ही खुशालरावांची गाडी लावतो. राग मानू नका."

हे बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले, जसा आजारी बैलाच्या पाठीवर ठेवतात.

तो गुरुवार होता. माझा महालक्ष्मीचा घट मांडलेला, पोटात उपास. त्या दिवशी गाडी सुरूच झाली नाही, मास्तर मंडळी रिक्षानं बसस्टँडवर गेली, आणि नेमके उस्मानभाई टपरी उघडायला आले. "काय झालं भाभी?" एवढंच त्यांनी विचारलं.

माझ्या तोंडून निघालं, "भाई, तुमच्या घरची चूल या गाडीवर असती तर अशीच जबान दिली असती का हो?"

आजूबाजूच्या दोन-तीन बाया दारात होत्या. भाईंचा हात शटरवर होता, तो तसाच राहिला. मग ते हळूच म्हणाले, "नसती देल्ली भाभी." आणि शटर न उघडताच परत गेले. मी आत येऊन देवीपुढे बसले. कहाणी वाचली, पण कोणत्या ओळीवर आहे ते कळेना.

दुसऱ्या दिवशी मी बंब पेटवायला मागच्या दारी गेले तर फाटकाबाहेर खोकला ऐकू आला. उस्मानभाई. डोक्याला मफलर, अंगात जुना स्वेटर.

"नत्थुजीले म्हना, धक्का माराले आलो."

"अहो, तुम्हाले दमा आहे ना?"

"दम्याले उठाचंच असते सकाळी. इथं उठला काय आन तिथं काय."

तेव्हापासून ते रोज येऊ लागले. पहाटेची फजरची नमाज झाली की सरळ आमच्याकडे. दोघं मिळून गाडी ढकलायचे, दूधवाला दिसला तर त्यालाही लावायचे. गाडी कधी सुरू व्हायची, कधी कोपऱ्यापर्यंत नेऊन परत आणावी लागायची. भाई वाकून खोकत राहायचे आणि मी चहा घेऊन उभी असायचे. चहा ते घेत नसत. "गाडी चालू झाली का मंग पिऊ." सुरू झाली की म्हणायचे, "आता टपरी उघडाची हाये." सुरू झाली नाही की मान खाली घालून जायचे. एकूण काय, माझ्या घरचा घोट त्यांच्या घशाखाली गेला नाही.

गरम पाण्याची युक्ती मात्र माझी. एकदा थंडीनं खोबरेल तेलाची बाटली गोठली, ती मी बंबाजवळ ठेवली होती. ती पाहून म्हटलं, बंबातल्या पाण्यानं गाडीलाही ऊब का देऊ नये? हे म्हणाले, "करतात काही लोक. रात्री रेडिएटर रिकामा करायचा, सकाळी कढत पाणी टाकायचं." तेव्हापासून बंबातलं पाणी आधी गाडीला, उरलं तर घराला. मी थंड पाण्यानं न्हाऊन पूजेला बसू लागले. दात वाजायचे, पण मनाला बरं वाटायचं. देवापुढे बसून मी स्वतःला थोडी शिक्षा करून घेत होते, आणि भाई फाटकाबाहेर त्यांची करत होते. दोघांनी एकमेकांना ते कधी सांगितलं नाही.

पाण्यानं फरक पडला, पण पुरेसा नाही. इंजिनाला ऊब लागेपर्यंत वरून वारा ती घेऊन जायचा.

त्या वर्षी बकरी ईद संक्रांतीच्या तोंडावर आली. सकाळी पाहते तर भाई फाटकात. पांढराशुभ्र कुर्ता, नवी टोपी, अत्तराचा वास, आणि बाह्या वर सारलेल्या.

"भाई, आज तर तुमची ईद! शाळेले सुट्टी हाये!"

ते गोंधळून गाडीकडे पाहत राहिले. "अरे हो... पाय आपसूक इकडंच आले." मग हसले. हसताना खोकला आला. हे म्हणाले, "आता गाडीलेही ईद मुबारक म्हना आन जा नमाजाले." ते गेले. मी मात्र बराच वेळ दारात होते. आपल्या सणाच्या दिवशी ज्याला पहिली आठवण माझ्या टोमण्याची येते, त्याला काय म्हणावं?

संक्रांतीला तिळगूळ घेऊन मी खुर्शीदबींकडे गेले. गोड बोलायचं ते वाक्य न म्हणताच मी नुसती वडी हातावर ठेवली. त्यांनी पाट दिला.

"खुर्शीदबी, भाईंना सांगा ना, नका येत जाऊ. मी रागात बोलले."

"मी सांगून थकले लीलाबाई. म्हनते, 'लीलाबाई झूट थोडंच बोलल्या.'" त्या वडीचा तुकडा मोडत थांबल्या. "एक सांगू? आता ते सीट शिवली का बसूनच पाहत नाईत. गिऱ्हाईक विचारते, कशी झाली भाई? तर म्हनते, तुमीच बसून पाहा, मले काई समजत नाई. पह्यले त्या तारीफीनं माझं डोस्कं उठे. आता टपरीत मशीनचाच आवाज येते निस्ता."

तिळगूळ देऊन मी परत आले, पण सगळी गल्ली मला लांब वाटली.

त्याच रात्री थंडी वाढली. पहाटे बाहेरची तुळस काळवंडली होती. मास्तरांच्या शाळेची तपासणी होती त्या दिवशी, प्रणाली मॅडमनं आदल्या दिवशीच बजावलं होतं, "काका, उद्या नाही तर कधीच नाही." हे रात्रभर कूस बदलत होते. मी बंब पेटवला, देवघरातल्या महाराजांच्या फोटोपुढे दिवा लावला, आणि फाटक वाजलं.

भाईंच्या खांद्यावर भलं मोठं गाठोडं होतं. वर उरलेलं मरून रेक्झिन, खाली मांजरपाट, मधे चार बोटं जाड कापूस. कापूस इतका मोकळा पिंजलेला की मला माहेरचं अंगण आठवलं.

"हे काय भाई?"

"रजई. गाडीची." त्यांचा आवाज बसला होता. दाढीत पांढरा कापूस अडकलेला. "अब्बाचं पिंजण काढलं खाली. तात बदलली. किती सालानं वाजली."

यांनी पाणी टाकलं. भाईंनी ती रजई बॉनेटवर पसरली, समोरच्या जाळीवरून खाली घेतली, कडा आत खोचल्या, अगदी तापातल्या लेकराला पांघरूण घालावं तशा. मग दोघं पायरीवर बसले. हे विडीसाठी खिशात हात घालत होते आणि परत काढत होते. भाईंचे ओठ हलत होते. मी आतून महाराजांना म्हणत होते, एवढं चालू होऊ द्या. खरं तर गाडीसाठी मागत होते की भाईंसाठी, ते मलाच ठरवता आलं नाही.

मास्तर लोक आले. प्रणाली मॅडम रजईकडे पाहून म्हणाली, "काका, हिला पण सर्दी झाली का?" कोणी हसलं नाही.

यांनी चावी फिरवली. खर्र, खर्र. थांबले. परत फिरवली. खर्र, मग एक उबळ, मग काळा धूर, आणि गाडी धडधडून सुरू झाली. मास्तर मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मी वळून पाहिलं तर भाई फाटकाबाहेर निघालेही होते, रजईची घडी काखेत.

"भाई, आज तरी चहा!"

"उद्या पाहू भाभी. एका दिवसाचं काय घेऊन बसल्या."

त्या हिवाळ्यात नंतर गाडीनं उशीर केला नाही. मास्तर मंडळी टिकली. भाई मात्र येतच राहिले. होळी झाली, पळस फुलून गेला, उन्हं तापली, तरी सकाळी कोपऱ्यावर उभे. आवाज ऐकला की हात वर करून परत. एकदा हे ओरडले, "आता कायले येता भाई? आता तर चावी दाखवली तरी चालू होते!"

"मेमध्येच तर फसलो होतो ना!" तिकडून उत्तर आलं.

शाळेच्या शेवटच्या दिवशी प्रणाली मॅडमनं जूनपासून परत हीच गाडी पक्की केली. हे म्हणाले, "मला तर वाटलं होतं तुम्ही खुशालरावाकडे जाणार."

"जाऊन आलो ना एकदा! पातूरपर्यंत स्प्रिंग टोचत होती. तुमच्या सीटांमुळे थांबलो हो काका."

मी धावत टपरीवर गेले आणि हे भाईंना सांगितलं. वाटलं, आता चेहरा उजळेल. त्यांनी मशीनचं चाक हातानं थांबवलं. "म्हनजे तेही सीटवरच भुलले बिचारे," ते म्हणाले.

मला राहवलं नाही. म्हटलं, "भाई, मला पूजेला बसायला आसन पाहिजे. कापसाचं. तुम्हीच शिवायचं."

त्यांनी वर पाहिलं. "देवाचं काम? माझ्या हातचं?"

"तुमच्याच हातचं."

आठवड्यानं आसन आलं. मरून, पिवळा गोट. मी त्यांच्यासमोरच ओट्यावर टाकून बसले आणि डोळे मिटून दोन्ही हात बाजूला दाबले, जसे ते दाबायचे. "वा! एक नंबर झालं. आता तुम्ही म्हणा."

भाई उभ्यानं आसनाच्या टाक्यांकडे पाहत राहिले. ओठांच्या कोपऱ्यात जुनं काहीतरी हललं, पण त्यांनी ते बाहेर येऊ दिलं नाही.

"आता नाई भाभी. थंडी येऊ द्या. थंडीत बसून पाहा, मंग सांगजा मले."