मिस्त्रींनी पास केलेली तीन नाणी

मी एकदा गणपतीला एकवीस संकष्ट्या बोलले होते. मुलांच्या परीक्षेसाठी नाही, जागेसाठी नाही, कुणाच्या दुखण्यासाठीही नाही. ह्यांना आयुष्यात एकदा तरी खरं डबल डाय नाणं मिळू दे, म्हणून! हात जोडून आधी देवाला ते काय असतं ते समजावून सांगितलं, मग मागणं मागितलं.

ज्या घरात नाणी जमतात, तिथे किस्से त्याहून जास्त जमतात. नाण्यांना निदान अल्बम असतो. किस्से कुठे ठेवायचे? म्हणून कुणी चहाला आलं की मी सांगत बसते. हे सगळे तेव्हाचे, जेव्हा चार आणे अजून चालायचे आणि मोबाईल फक्त बोलायला असायचा.

आधी माणसं सांगते. हे भाईंदर ईस्टला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात ठसे, म्हणजे डाय, बनवायचे. म्हणून सगळे ह्यांना मिस्त्री म्हणतात. आम्ही राहतो पेणकरपाड्यात. दर रविवारी चार वाजता आमच्या हॉलमध्ये दोघं यायचे. एक शांतीभाई, आमच्याच रस्त्यावरचे किराणावाले. त्यांच्या गल्ल्यातून रोज ढीगभर चिल्लर जायची. दुसरा डॉमनिक, उत्तनकडच्या चौक गावचा. ह्याची होडी, बायको मासळी विकणार, आणि तिची चिल्लर संध्याकाळी आधी हा बघणार. तिघांना वेड एकच, टांकसाळीत चुकलेल्या नाण्याचं.

*

डबल डाय म्हणजे काय, हे मला पहिली काही वर्षं कळलंच नव्हतं. तिघं नाण्यावरच्या अक्षरांवरून भांडायचे आणि मी पोहे द्यायचे.

एका दिवाळीत दारात गणपतीचा छापा ठेवून रांगोळी काढली. छापा उचलला तर एक बाजू पुसट. म्हणून तोच परत ठेवून पुन्हा रांगोळी चाळली. छापा केसभर सरकला असणार, कारण गणपतीला दोन सोंडा आल्या. मी हळहळत होते आणि हे मागे उभे राहून आनंदाने बघत होते.

"हेच बघ डबल डाय."

"माझी रांगोळी बिघडली आणि तुम्हाला नाणी सुचतायत."

"अगं, ठसा तयार करताना त्याच्यावर असंच दोनदा दाबलं जातं. दुसऱ्यांदा केसभर सरकलं की अक्षरं दुहेरी. मग त्या ठशातून जेवढी नाणी पडतील, सगळ्यांवर दुहेरी. पण हा प्रकार क्वचित होतो, म्हणून त्याला किंमत."

बाजूला दुसरी रांगोळी होती, तिच्यावरून कुणाची तरी चप्पल घासून गेली होती. तिच्याही रेघा दुहेरी दिसत होत्या. मी विचारलं, "आणि ही?"

"हे म्हणजे नाणं पाडताना मशीन हललं. ह्याला कुणी विचारत नाही. लांबून दोन्ही सारखीच दिसतात. ओळखता आलं पाहिजे."

ते ओळखण्याचं काम ह्यांचं. ठसे बनवणारा माणूस, ठशाची चूक त्यालाच कळणार. भिंगातून बघून हे 'पास' म्हणाले तरच ते नाणं डबल डाय, असा त्या तिघांचा कायदा होता. आणि इतक्या वर्षांत ह्यांनी एकही नाणं पास केलं नव्हतं.

*

एका लक्ष्मीपूजनाला मी ह्यांच्या डब्यातली जुनी तांब्याची नाणी काढली, चिंच लावून लख्ख घासली आणि ताटात मांडली. सोन्यासारखी झाली होती. हे घरी आले आणि मटकन खुर्चीत बसले. तेव्हा कळलं, घासलेल्या नाण्याला कलेक्टर हात लावत नाहीत.

डॉमनिक फराळाला आला होता. त्याने ताट बघून टोपी काढली. "वैनी, मेलेल्याला आंघोळ घालतात. ही तर जिती होती."

शांतीभाई म्हणाले, "भाभी, आप पहली औरत हो जिसने लक्ष्मी को नहलाके गरीब कर दिया."

तेव्हापासून देवापुढे मी फक्त सुपारी ठेवते.

*

एकदा आम्ही बसने उत्तनला निघालो होतो. कंडक्टरने सुटे दिले. ह्यांनी तिथेच खिशातून भिंग काढलं आणि एकेक नाणं डोळ्याला लावायला लागले. मागची माणसं तिकिटासाठी ओरडायला लागली.

कंडक्टर म्हणाला, "काका, मी काय खोटी नाणी देतोय काय?"

हे म्हणाले, "नाही हो. एखादं चुकलेलं आहे का, ते बघतोय."

"आणि सगळी बरोबर निघाली तर?"

"तर काय, नशीब आपलं."

कंडक्टर माझ्याकडे वळून म्हणाला, "काकी, उत्तनला उतरवू की दवाखान्यापाशी?"

अख्खी बस हसली. हे नाही हसले. घरी आल्यावर नाणी परत डब्यात टाकताना एवढंच म्हणाले, "एक मिळालं असतं ना, तर बास होतं." त्याच रात्री मी संकष्ट्या बोलले.

*

दोन संकष्ट्या झाल्या, आणि एका सकाळी दुधाच्या सुट्या पैशांतलं एक नाणं बघता बघता हे थांबले. बराच वेळ बघितलं. मग हळूच म्हणाले, "पास."

माझ्या हातून चहाचं गाळणं पडलं. चार दिवसांनी भाजीच्या सुट्या पैशांतलं दुसरं नाणं पास. आणि रविवारी शांतीभाईंच्या गल्ल्यातलं पाच रुपयांचं. तेही पास! मी एकवीस मोदक केले. इतकी वर्षं कोरडी, आणि दहा दिवसांत तीन. देव देतो तेव्हा असंच देतो, असं मला वाटलं.

त्या पाच रुपयांवर डॉमनिकचं मन बसलं. त्याच्याकडे पोर्तुगीज काळातलं एक चांदीचं नाणं होतं. त्याच्या आजीने ते लग्नात गळ्यात घातलेलं. शांतीभाई कितीतरी वर्षं ते मागत होते आणि डॉमनिक हातसुद्धा लावू देत नव्हता. आता तो स्वतःहून म्हणाला, "शांतीभाय, तुमचा पाचचा मना द्या. आजीचा तुमाला."

शांतीभाई नाण्याकडे बघत राहिले. म्हणाले, "अगले संडे."

पुढच्या रविवारी ते नाणं दुकानातच विसरले. मग पुन्हा पुढचा रविवार ठरला.

*

मध्ये तिसरी संकष्टी आली. चंद्रोदय नऊनंतर होता. मी अर्घ्याचं तबक घेऊन गच्चीवर गेले, हेही आले. चंद्र समोरच्या बिल्डिंगच्या टाकीवर आला. मी पाणी सोडणार, तेवढ्यात हे म्हणाले, "कुठल्याला देतेयस?"

"म्हणजे?"

"वरच्याला की खालच्याला?"

मी म्हटलं, थट्टा करतायत. पण हे हसत नव्हते. चष्मा पुसत होते. पुसून पुन्हा वर बघितलं आणि खाली निघून गेले.

ह्याला मोतीबिंदू म्हणतात, आणि तो पिकत असताना काहींना एकाचे दोन दिसतात, हे डॉक्टरांनी मागाहून सांगितलं. त्या रात्री मला एवढंच समजत होतं की आकाशात चंद्र एक आहे आणि ह्यांना दोन दिसतायत. तबकातलं पाणी हिंदकळून माझ्या पायावर सांडलं.

सकाळी मी माझ्या पाकिटातला साधा रुपया काढला. हे आंघोळीला गेले होते तेव्हा भिंग घेऊन आधी मी बघितलं. अक्षरं सरळ, स्वच्छ, एकेरी. मग तो ह्यांच्या पुढे ठेवला.

ह्यांनी भिंग लावलं. "अगं, हे पण पास आहे."

मी म्हटलं, "डोळे दाखवून येऊ या का?"

"रविवार होऊ दे. डॉमनिकचं काम आहे."

म्हणजे रविवारी डॉमनिकच्या आजीचं नाणं जाणार, आणि बदल्यात त्याच्या हातात साधे पाच रुपये येणार. तेही ह्यांच्या शब्दावर. सांगितलं तर ह्यांचा मान जाणार. नाही सांगितलं तर त्याच्या आजीची आठवण जाणार. मी देवापुढे बसले, पण मागू काय, तेच सुचेना. ही दुहेरी अक्षरं मीच तर मागितली होती.

*

शनिवारी साबुदाण्याचं निमित्त करून शांतीभाईंच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबले.

"शांतीभाई, उद्याचं जरा पुढे ढकला ना."

ते तराजूकडे बघत म्हणाले, "भाभी, बहुत ढकला. अब डॉमनिक सुनता नहीं."

"तुम्ही मुद्दाम ढकलत होतात?"

त्यांनी साबुदाण्याची पुडी बांधली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "चीनी भी दूँ?"

*

रविवारी डॉमनिक इस्त्रीचा शर्ट घालून आला. आजीचं नाणं रुमालात बांधलेलं. शांतीभाईंनी पाच रुपये टेबलावर ठेवले. मी चहा आणला, पण कुणी कप उचलला नाही.

हे म्हणाले, "द्यायच्या आधी एकदा बघतो." भिंग लावलं. एका डोळ्याने बघितलं, मग दुसऱ्याने. नाणं उजेडाकडे फिरवलं. चष्मा काढला, डोळे चोळले, परत बघितलं. मग ह्यांनी मान वर न करताच हाक मारली.

"अगं, इकडे ये. तू बघ."

त्या भिंगाला आजवर ह्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता. मी पदराला हात पुसले. गणपतीचं नाव घेतलं आणि वाकले. खरं सांगते, वाकताना मी मनातून म्हणत होते, दोन दिसू दे. कशीही दिसोत, पण दोन दिसू दे.

"काय दिसतंय?"

"एकच आहे."

"नीट बघ."

"नीटच बघितलं. एकच आहे. आणि परवा चंद्रही एकच होता हो."

हे दोन्ही तळवे डोळ्यांवर ठेवून बसून राहिले. मला वाटलं, आता हे दोघं उठून जातील आणि रविवार संपले.

शांतीभाईंनी पाच रुपये उचलून खिशात टाकले. "मिस्त्रीजी, मुझे भी एक ही दिखता था. पहले दिन से."

ह्यांनी हात खाली घेतले. "मग बोलला का नाहीत?"

"इतने साल में आपने पहली बार पास बोला था. मैं क्या बोलता?"

हे डॉमनिककडे वळले. "आणि तुला?"

डॉमनिक रुमालाची गाठ परत आवळत होता. "मना कवाच दोन दिसला न्हाय."

"मग आजीचं नाणं घेऊन कशाला आलास?"

डॉमनिकने रुमाल शर्टाच्या आतल्या खिशात घातला, गार झालेल्या चहाची बशी पुढे ओढली आणि म्हणाला, "मिस्त्री पास बोलला ना."

तुमच्या हातात कुणी असं भिंग दिलं आणि 'तू बघ' म्हणालं, तर देवाचं नाव घ्या आणि दिसेल तेच सांगा. हळू आवाजात सांगा, पण सांगा. एवढं माझं ऐका.