जळक्या बेकरीसमोरचा चष्मेवाला

चष्मेवाल्याचा जन्म याच शहरातला, पण बोलणं असं की काल संध्याकाळच्या गाडीने उतरलाय आणि परतीचं तिकीट खिशात आहे. "तुमच्या या शहरात" अशीच त्याची सुरुवात असायची. तुमच्या या शहरात नळाला खारट पाणी येतं, तुमच्या या शहरात वाळत घातलेला टॉवेल आठवडाभर दमटच राहतो, तुमच्या या शहरात गादी झटकली तरी वाळू आणि नाही झटकली तरी वाळू. ज्यांना हे ऐकून घ्यावं लागायचं, त्यांतल्या निम्म्या लोकांचा जन्म त्याच्या नंतरचा होता.

लोक पाठीमागे त्याला भिंग म्हणत. दुसऱ्याचा दोष याला कायम मोठाच दिसतो, म्हणून भिंग. हे नाव त्याच्या कानावर आलेलं होतं आणि त्याला ते मनातून आवडलंही होतं. आपल्याला दिसतं ते या आंधळ्यांना दिसत नाही, एवढाच अर्थ त्याने त्यातून काढला होता.

आता खरं सांगायचं तर त्या शहराने तक्रारीला जागा भरपूर ठेवली होती. बाहेरून आलेल्या माणसाला समुद्र दिसला की त्याच्या तोंडून कविता बाहेर पडायला लागते. इथल्यांच्या मात्र चष्म्याच्या स्क्रूला गंज चढतो. नवी कोरी फ्रेम कपाटात ठेवावी, तर गिऱ्हाईक येईपर्यंत तिच्या बिजागऱ्या हिरव्या पडलेल्या. दुकानाचं शटर तर असं धरून बसायचं की रोज सकाळी शेजारच्या सलूनवाल्याला हाक मारून दोघांनी मिळून ते वर ढकलावं लागे. सलूनवाला बिचारा अर्धी दाढी टाकून यायचा. त्याबद्दल चष्मेवाल्याने त्याचे आभार मानल्याचं कोणी ऐकलेलं नाही. शटर अडकतं यात सलूनवाल्याचाही काहीतरी हात असणार, असाच त्याचा चेहरा असायचा.

गिऱ्हाईकं दोन जातींची. सुट्ट्या लागल्या की पाहुण्यांचे लोंढे यायचे आणि त्यांतला एखादा तरी ओल्या चड्डीवर दुकानात उभा राहायचा. लाट आली आणि चष्मा गेला, अर्ध्या तासात नवा द्या. नंबर किती, तर ते आठवत नाही. "समुद्रात चष्मा लावून काय वाचणार होतात?" असं चष्मेवाला विचारायचा आणि मग त्या माणसाने दुसरीकडे जायचं ठरवलं की पुन्हा त्याच्याच नावाने बोटं मोडायचा. दुसरी जात इथल्यांची. त्यांना समोरचा माणूस बाई आहे की बुवा हे कळेनासं झाल्याशिवाय डोळे तपासायचं सुचत नसे. एका घरात तर सासूचा आणि सुनेचा मिळून एकच चष्मा होता. सून सुईत दोरा ओवायला बसली की सासू पेपर मिटून खिडकीत बसे. बाकीचे यायचे ते फुकटात स्क्रू आवळून घ्यायला, आणि आवळून झाल्यावर पंख्याखाली तासभर बसायला.

पण हे सगळं एकवेळ त्याने सहन केलं असतं. त्याच्या डोक्यात जायची ती इथली पत्ता सांगायची तऱ्हा. या शहरात पत्ते दिले जायचे ते नसलेल्या गोष्टींवरून. पडक्या पुलापाशी वळा, असं सांगायचे, आणि तिथे बघावं तर पूल नाही, ओढाही नाही, पादत्राणांचं दुकान. जुनी टपाल कचेरी म्हणजे आता व्यायामशाळा. आणि खुद्द चष्मेवाल्याचं दुकान कुठे, तर जळक्या बेकरीसमोर. ती बेकरी तो शाळेत असताना जळाली. त्या जागी नंतर शिलाई मशिनी आल्या, मग पतंगासारखं उडून गेलेलं एक ट्रॅव्हल ऑफिस आलं, आता मोबाईलवाला होता. पण शहराच्या डोक्यात ती बेकरी अजून जळतच होती.

नगरपालिकेने त्या रस्त्याला रीतसर नाव दिलेलं होतं. सागरदर्शन मार्ग. तिथून समुद्र सोडून सगळं दिसायचं, आणि नावाची पाटी तर खाऱ्या वाऱ्याने केव्हाच खाऊन टाकली होती. तरी चष्मेवाला त्या नावाला चिकटून बसला होता. सुधारलेल्या ठिकाणी माणसं रस्त्याचं नाव सांगतात, मेलेल्या बेकऱ्यांचं नाही, असं तो म्हणे. तरुणपणी शिकायला तो दोन वर्षं आतल्या भागातल्या एका मोठ्या शहरात राहिला होता. तेवढ्या पुंजीवर त्याने उरलेलं आयुष्य काढलं होतं.

त्याच मोठ्या शहरात त्याची धाकटी बहीण दिलेली होती. तिच्या घराचा वरचा मजला रिकामा होता. दादा, तू एकटा आहेस, तिथे कुढत बसण्यापेक्षा इकडे ये, असं ती कितीतरी दिवस म्हणत होती. चष्मेवाल्याला दुसरं काही नकोच होतं. जिथे टॉवेल वाळतो, प्लंबर "आलोच" म्हणाला की खरंच येतो आणि दुपारी दुकानं उघडी असतात, अशा जागी उरलेले दिवस जावेत एवढंच त्याचं मागणं होतं. अडलं होतं दुकानापाशी. ते विकल्याशिवाय निघता येत नव्हतं, आणि बघायला आलेली माणसं बिजागऱ्या बघून चहा न घेता जात होती. शेवटी बहिणीचाही धीर सुटला. वरच्या मजल्यासाठी एक चांगलं कुटुंब विचारत होतं. या महिन्यात तुझं काही ठरलं नाही तर मी त्यांना हो म्हणणार, असं तिने स्पष्ट सांगितलं.

आणि नेमकं त्याच महिन्यात एक गिऱ्हाईक चालून आलं. एक वयस्क गृहस्थ होते. त्यांची मुलगी डोळे तपासायचं शिकली होती, तिला समुद्राकाठी छोटंसं दुकान थाटून राहायची हौस होती. फोनवर बोलणी झाली. गंजाचं चष्मेवाल्याने लपवलं नाही, कारण तो विषय त्याला आवरता येतच नसे, पण गृहस्थ हसले आणि म्हणाले की मुलीला सगळं माहीत आहे, तरी तिला तेच हवंय. फक्त एकदा दुकान आणि आजूबाजूची वस्ती डोळ्यांखालून घालू, की झालं. चष्मेवाल्याच्या जिवात जीव आला. या मुलीची कीव करावी की तिला दंडवत घालावा, हे त्याला कळेना. पत्ता विचारला तेव्हा त्याने ताठ मानेने सांगितला. सागरदर्शन मार्ग, दुसरी गल्ली. गृहस्थांनी खुणेची काही जागा आहे का म्हणून विचारलं. तशी गरज पडणार नाही, असं त्याने सांगितलं.

ठरलेल्या दिवशी सकाळीच वीज गेली. अर्थात गेली. फोन मेलेला. दुपारच्या सुमारास वीज आली तेव्हा त्याने फोन दुकानात चार्जिंगला लावला, इस्त्रीचा निळा शर्ट चढवला, आणि गृहस्थांची गाडी वाट चुकू नये म्हणून स्वतः गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. दुकानाकडे लक्ष ठेव, पण कशाला हात लावू नको, असं सलूनवाल्याला बजावून ठेवलं. मागे एकदा सलूनवाल्याने चांगुलपणाने त्याचा फोन उचलला होता, तेव्हा त्याने गिऱ्हाइकांदेखत त्याची हजेरी घेतली होती.

दिवस सुट्टीचा होता. समुद्राकडून येणारी उन्हाने लाल झालेली माणसं जो दिसेल त्याला काहीबाही विचारत सुटली होती, आणि कोपऱ्यावर दिसत होता तो चष्मेवाला. एकाने विचारलं, गाडी कुठे लावू. डोक्यावर लाव, असं तोंडावर आलेलं त्याने कसंबसं गिळलं. एका बाईने संडास कुठे आहे विचारलं. एका जोडप्याला सूर्यास्त नेमका कुठून चांगला दिसतो ते हवं होतं. पश्चिमेकडून, असं त्याने सांगितलं. मोठ्या आवाजाचे, पांढऱ्या केसांचे, गाडीतून उतरणारे एक गृहस्थ त्याच्या डोळ्यांपुढे होते आणि ते काही येत नव्हते. घामाने शर्टाची इस्त्री गेली. या शहराने शेवटच्या दिवशीही आपल्याला छळायचं सोडलं नाही, असं मनात येऊन त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायला लागला.

अशात एक मुलगी आली. डोक्याला टोपी, पावलांना वाळू, चेहरा दमून उतरलेला.

"काका, जळकी बेकरी कुठे आहे हो? आम्हाला तिच्या—"

कोणाचं वाक्य पुरं होऊ द्यायची चष्मेवाल्याला सवय नव्हती. त्यातून तिने नाव काढलं ते बेकरीचं. परगावच्या माणसांच्या तोंडीही आता ती बेकरी आली होती.

"बेकरी जळाली, बाई," तो म्हणाला. "तुझा जन्म व्हायच्या आधी जळाली. जळालेल्या बेकरीत काय खायला मिळणार आहे तुला?"

"खायचं नाहीये. तिच्या समोर—"

"समोर काहीही नाही. या अख्ख्या शहरात बघण्यासारखं काही नाही. आलात तसे परत जा, पेट्रोल तरी वाचेल. आणि हे सगळ्यांना सांगा, म्हणजे आम्हाला जरा चैन पडेल."

तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं की उन्हाने ते चमकत होते, हे बघायची त्याला गरज वाटली नाही. ती वळली आणि आल्या वाटेने निघून गेली. चष्मेवाल्याला बऱ्याच दिवसांनी छातीत मोकळं वाटलं.

ऊन कलेपर्यंत तो तिथेच उभा होता. मग पाय दुखायला लागले तसा दुकानात परतला. सलूनवाल्याने वस्तरा पुसत सांगितलं की तुमचा फोन मघापासून वाजवाजून थकला, पण तुम्ही हात लावू नको म्हणालात. त्याच्यावर ओरडायचं चष्मेवाल्याने पुढे ढकललं आणि फोन लावला.

गृहस्थांनी पहिल्याच रिंगला उचलला. आवाज तोच, समजूतदार. त्यांनी रागावून काही म्हटलं नाही, उलट त्याचीच क्षमा मागितली. ते येऊन परत निघालेही होते. सागरदर्शन मार्ग म्हणून त्यांनी कितीजणांना विचारलं, कोणाला पत्ता नाही. शेवटी एका फळवाल्याने सांगितलं की चष्म्याचं दुकान हवं असेल तर जळकी बेकरी विचारत जा. पुढे रस्त्यात इतक्या गाड्या उभ्या होत्या की यांची आत शिरेना. यांचा गुडघा धरलेला, म्हणून मुलगीच उतरून चालत गेली.

चष्मेवाला खुर्चीत बसला.

"तिथे कोपऱ्यावर एक माणूस उभा होता म्हणे," गृहस्थ सांगत होते. "वयाने मोठा, निळा शर्ट. हिने साधा रस्ता विचारला, तर तो असं काही बोलला की पोरगी रडत गाडीत येऊन बसली. मी म्हटलं, अगं, एका माणसावरून काय ठरवायचं. तर म्हणाली, बाबा, दुकान गंजकं असलं तर मी घासून काढीन, पण माणसंच अशी असतील तर मी काय करू. आता ती ऐकायलाच तयार नाही. मला तुमच्यासाठी फार वाईट वाटतं."

सांगून टाकायचं, तर वेळ हीच होती. तो मी होतो, उन्हात उभं राहून डोकं फिरलं, मुलीला फोन द्या, मी तिची माफी मागतो. गृहस्थ भले होते, गाडी अजून फार लांब गेलेली नसणार. चष्मेवाल्याने तोंड उघडलंही. पण माफी हा शब्द त्या तोंडाने कधी उच्चारलेला नव्हता, आणि ऐन गरजेला तो सापडेना.

"तुमच्या ओळखीचा आहे का हो तो माणूस?" गृहस्थांनी विचारलं.

"नाही," चष्मेवाला म्हणाला. "इथे तसे पुष्कळ आहेत."

"आणि तुम्ही अख्खा जन्म त्या लोकांत काढलात," गृहस्थ हळहळत म्हणाले. "कमाल आहे तुमची." मग त्यांनी त्याला तब्येत सांभाळायला सांगितलं आणि फोन ठेवला.