हळदवाल्या अण्णांची शिफारस

कुणी काय ऐकावं हे सांगलीच्या सगळ्या पेठेत आमच्या घरासमोरच्या हळदवाल्या अण्णांइतकं कुणालाच कळत नसे. गादीवर तराजू, शेजारी कर्ण्याचा फोनो आणि दोन्हींवर हळदीचा सारखाच थर. गिऱ्हाइकानं भाव विचारला की अण्णा आधी त्याचं तोंड न्याहाळत, मग तबकडी काढत आणि सवड झालीच तर भाव सांगत. रजेवर आलेल्या शिपायाला ते लावणी ऐकवत, कारण पलटणीचा बँड ऐकून त्याचे कान ताठ झालेले असत. सुनेशी भांडून आलेल्या म्हातारीला लग्नातली सनई. कानडी मुलखातल्या व्यापाऱ्याला तिकडच्या नाटकातलं पद. जैनांच्या बसदीतून परतणाऱ्या पंडितांना मात्र त्यांनी गोऱ्यांचा बँड लावला, आणि पंडितांनी दुसऱ्या दिवशी तोच पुन्हा मागितला. महायुद्धात फोनोच्या पिना मिळेनाशा झाल्या, तेव्हा अण्णा बाभळीचे काटे तासून बसवू लागले. एक काटा तबकडीच्या एका बाजूपुरता टिकायचा. त्यामुळे गाणं ऐकायला येणारा खिशात काटे घेऊनच येई.

हरले ते फक्त माझ्यापुढे. माझ्या पिशवीत तेव्हा चळवळीची पत्रकं असत. देश पेटलेला असताना गाणी कसली, असं मी त्यांना तोंडावर विचारी. त्यांनी पोवाडा लावला, मी म्हणालो, शौर्याला किल्ली द्यावी लागत नाही. ख्याल लावला, तर संस्थानिकांचे चोचले म्हणालो. अभंगालाही मी सोडलं नाही. अण्णांना राग येत नसे, दुःख होई. "सगळी पेठ बरी केली रं, तू तेवढा ऱ्हायलास," म्हणत.

पुढे माझ्यावर वॉरंट निघालं आणि मी साताऱ्याकडच्या एका गावाबाहेर उसातल्या खोपीत लपलो. पत्ता फक्त आईला ठाऊक होता. एका दुपारी बैलगाडी आली आणि हळदीच्या पोत्यांखालून अण्णांनी फोनो काढला. वाटेतल्या चौकीवर सापडले असते तर दुकानही गेलं असतं आणि अण्णाही तुरुंगात. "तुझं गाणं घावलं," एवढंच ते बोलले. कर्णा बसवला, किल्ली दिली, काटा लावला आणि तबकडीवर टेकवणार तोच थांबले. हाकेच्या अंतरावर रस्ता होता. लपलेल्या माणसापुढे फोनो वाजवता येत नाही, हे इतक्या कोसांत त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

अण्णा खाली बसले. थोड्या वेळानं त्यांनी ती तबकडी तोंडानंच सुरू केली, दबक्या आवाजात. आधी पेटी, मग मांडीवर तबला, मग बाई. आवाज वंगण सुकलेल्या चाकासारखा, पण त्यांनी एकही जागा सोडली नाही. जात्यावरची ओवी होती. त्यात देश नव्हता, राजा नव्हता. एक बाई दळता दळता माहेरची वाट सांगत होती. माझ्या पत्रकांत मी जनता जनता लिहीत होतो, आणि त्यातली एक बाई मला तिथे पहिल्यांदा भेटली.

"दुसऱ्या बाजूला काय हाय, अण्णा?" मी विचारलं.

घाम पुसत ते उठले. त्यांच्या तोंडावर असं हसू मी कधी पाहिलं नव्हतं. "ते आता सांगितलं तर तू माघारी येशील कशाला?"

मी माघारी आलो, पण त्याआधीच अण्णा गेले होते. दुकानात आता त्यांचे धाकटे भाऊ बसतात. तबकडी त्यांच्याकडेच आहे आणि मागितली तर लगेच लावतील. मी रोज दुकानावरून जातो. अजून मागितलेली नाही.