मुंगीच्या पावलांनी आठशे घोडे

पडदा वर गेलाय असं समजा. उर्से टोलनाक्यामागची पत्र्याची शेड. मधोमध राखाडी स्पोर्ट्स कार, लोखंडी रोलरवर पट्ट्यांनी जखडलेली. चाकं जागेवरच गरगरताहेत, पत्रे थरथरताहेत. आणि कोपऱ्यात स्टुलावर, मांडीवर लॅपटॉप घेऊन, चष्मा कपाळावर सरकवलेला आमचा कैलास.

कैलास आमच्या नाटक कंपनीचा प्रकाशवाला. माझ्या पहिल्याच प्रयोगात दिवे भसकन पेटले आणि मी वाक्यच विसरले. दुसऱ्या दिवसापासून तो डिमरची मूठ मुंगीच्या पावलांनी वर सरकवू लागला. पडदा पडला की विंगेत येऊन विचारायचा, "ताई, उजेड अंगावर न्हाई ना आला?" बावीस वर्षं विचारत होता. कंपनी बंद पडली, तसा तो भावाच्या गॅरेजात गेला आणि पन्नाशीत गाडीचा कॉम्प्युटर शिकला.

ही गाडी प्रदीपशेठची. चारशे मीटरच्या शर्यतीत ती चालवते कैलासची भाची, तेजल. गेल्या महिन्यात सुटतानाच गाडी आडवी झाली. लागलं काही नाही, पण तेव्हापासून स्टिअरिंगवर पोरीचे हात कापायचे.

"मामा, परत आडवी झाली तर मी शर्यत सोडली," ती म्हणाली होती.

म्हणून कैलासने पहिल्या गिअरला टर्बोचा दाब निम्म्यावर आणला. दुसऱ्याला थोडा चढवला. तिसऱ्याला सगळा मोकळा सोडला.

प्रदीपशेठ भडकले. "आठशे हॉर्सपॉवरची गाडी, आणि सुटताना निम्मीच ताकद? बैलगाडी पळवायचीय का रे?"

"शेठ, समदी ताकद एकदम दिली की चाक जागीच घसरतं. आन पोर भेती ती येगळीच."

"आणि हरलो तर?"

"तर मला शिव्या घाला. तिला न्हाई."

रविवारी सकाळी लोणावळ्यापलीकडच्या धावपट्टीवर मी काठी टेकून उभी होते. पिवळे दिवे, मग हिरवा. शेजारची लाल गाडी सुसाट सुटली. आमची मात्र सरळ रेषेत निघाली, वेग चढत गेला, चढतच गेला, आणि पल्ल्याच्या टोकाला लाल गाडीच्या पुढच्या चाकापर्यंत पोचली. तेवढ्यात शर्यत संपली.

"दहा सेकंदांच्या आत! पण हातभर मागे राहिलो की!" प्रदीपशेठ फलक बघत ओरडले.

गाडी हळूहळू परत आली. तेजलने काच खाली केली. "शेठ, दुपारच्या फेरीला परत मीच हां." स्टिअरिंगवरचे हात स्थिर होते.

कैलासने फलकाकडे पाहिलंच नाही. हात पुसत तो खिडकीशी वाकला आणि म्हणाला, "पोरी, गाडी अंगावर न्हाई ना आली?"