लारीच्या घड्याळाचा काटा

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमच्या रिठद गावच्या बाया नाल्यावरच्या हडळीचं सांगायच्या, तेव्हा मी मान खाली घालून मेथीच्या जुड्या बांधत राहायची... मनात हसायची. हडळ मी आजही मानत नाही. पण त्या दुपारचं काय करू? बोलायला मला जमत नाही, म्हणून लिहिते आहे. चौथीपर्यंत शिकले, तेवढं येतं.

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. माझे यजमान एका कापूसवाल्या शेटजीची डिझेलची लारी चालवायचे. ती आमच्याच मळ्यात, चिंचेखाली उभी असायची. डिझेल इंजिनापर्यंत नीट दाबानं पोचतं का, हे पाहायला त्यांनी घरीच एक यंत्र केलं होतं — कापसाच्या जिनिंगमधल्या मोडक्या बॉयलरचं दाब दाखवणारं घड्याळ, त्याला डाख देऊन जोडलेली तांब्याची नळी. नळी इंजिनाला लावून ते पलीकडून हातानं डिझेलचा पंप मारायचे, मी अलीकडे काटा पाहायची. पण सासरे तिथेच खाटेवर बसलेले. त्यांच्यापुढे सुनेनं आवाज कसा काढायचा? म्हणून काटा चढला की मी पान्यानं मडगार्डवर ठोकायची.

"आमची वैनी मुकी, तिचा पाना बोलते!" माझी नणंद काशी हसायची. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती.

त्या दिवशी सकाळपासून तिला कळा येत होत्या. मूल आडवं. सुईण म्हणाली, "वाशीमले न्या. माह्या हातचं नाई राह्यलं हे." बैलगाडीत ती टिकली नसती. काशीला लारीत गोणपाटांवर निजवलं... आणि लारी सुरूच होईना.

यजमान पंप मारू लागले. काटा जागचा हलेना.

"अवं, चढला का?"

मी पाना उचललाच नाही.

सासरे ओरडले, "पोरगी मरून राह्यली अन् तू घड्याळ खेळून राह्यला!"

"मंग ढकलत नेऊ का, आबा?" यजमान पंप सोडून घाम पुसू लागले.

तेवढ्यात काशीला कळ आली. ती किंचाळली — आणि काटा सरसर वर चढला. कळ ओसरली, काटा खाली. पंपावर कोणाचाच हात नव्हता. मी डोळे चोळले. पुन्हा कळ... पुन्हा काटा.

"वैनी," काशी वरून म्हणाली, "ठोक वं माय... ठोक."

मला सांगायचं होतं की हा पंपानं चढत नाही, काशीच्या कळेनं चढतो आहे. पण पान्यानं एवढंच सांगता येत होतं — चढला. मी ठोकलं. यजमान धावत वर चढले, स्टार्टर मारला, लारी सुरू झाली.

मी मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. चढावर इंजिन रडायला लागलं की तिला कळ यायची, आणि लारी चढून जायची. दर कळेनंतर तिचा हात आणखी गार लागायचा.

"आलं का वाशीम?"

"आलंच, बाई."

हॉस्पिटलचं फाटक दिसलं आणि तिचा हात माझ्या हातातून गळला. इंजिन तिथेच बंद पडलं. डॉक्टर धावत आले... आईही गेली होती, मूलही.

दुसऱ्या दिवशी यजमानांनी पंप उघडला. डिझेल वर ढकलणारा आतला पडदा उभा फाटलेला.

"हा कालचा नाई. कवाचाच फाटला. यातून थेंब वर जात नाई." ते माझ्याकडे वळले. "तू खरंच काटा चढला पायला?"

सासरे घरात होते. मी तोंडानं म्हटलं, "पायला."

"कशानं चढला मंग?"

मी सांगितलं. ते हातातला पडदा तसाच धरून मातीत बसून राहिले.

पुढे त्यांनी दोन-तीन मिस्त्र्यांना विचारलं. सगळे म्हणाले, तसा पंप असेल तर लारी चिंचेखालून हललीच नसती. आमच्या घरी म्हणतात, काशीला वाचवायला देवानं लारी चालवली. मग फाटकापर्यंतच का चालवली, ते कोणी विचारत नाही. सुईण म्हणाली, घरी ठेवली असती तरी गेलीच असती. असेलही... पण तिचा हात माझ्या हातात गार होत गेला होता. ती लारी तिला वाचवायला चालली, की तिच्याच जिवावर चालली, हे मला आजही सांगता येत नाही.